वॉरिकच्या पाठीवरचा पांढरा वण

९ मे, गुरुवार

वॉरिकच्या काखेत गाठ आहे.

सकाळी टाकीपाशी शर्ट काढून तोंड धूत होता. हात वर केला आणि मला दिसली. कोंबडीच्या अंड्याएवढी नाही, पण त्याच वाटेवर.

"हे काय?"

"वासराने लाथ मारली असेल."

"काखेत?"

"मग फाटक ओढताना शीर चढली. तू चहा टाक."

चहा टाकला. साखर दोनदा घातली. तो तसाच प्यायला, म्हणजे त्यालाही कळलंय.

मला लगेच तो तीळ आठवला. गेल्या वर्षी मार्चमधला. पाठीवर, डाव्या खांद्याखाली. काळा, एका बाजूने सांडल्यासारखा पसरलेला. गाठही डाव्याच काखेत आहे.

या वहीत पुढून पावसाच्या आणि वासरांच्या नोंदी असतात. मी मागच्या पानावरून सुरू केलंय. वॉरिक मागची पानं उघडत नाही.

तो तीळ मी जाळला होता. माझ्या हाताने.

१० मे

सगळं नीट लिहून ठेवते. म्हणजे उद्या मला स्वतःशी खोटं बोलता येणार नाही.

शेडमध्ये द्रव नायट्रोजनची टाकी आहे, बर्फाहून कितीतरी गार. वळूच्या वीर्याच्या कांड्या तिच्यात असतात. घोड्यांना थंड शिक्का मारतो तोही त्याच नायट्रोजनने. लोखंड बुडवायचं, खांद्यावर दाबायचं, बारा मोजायचं. दोनेक महिन्यांनी तिथे केस पांढरे उगवतात. रंग करणाऱ्या पेशी गारठून मरतात, केसाचं मूळ जगतं. हे मला शाळेने नाही शिकवलं – इतक्या लांब रानात शाळा रेडिओवरची, तीही चौदाव्या वर्षी सुटली. बापाने शिकवलं.

गावातला डॉक्टर दर वर्षी आमच्या नाकाकानांवर उन्हाने धरलेल्या खपल्यांवर फवारा मारतो. तोही नायट्रोजनच. दोनशे ऐंशी किलोमीटर जायचं, दोन तास बाकावर बसायचं आणि मग – फुस्स. चार सेकंद. मी म्हटलं, हे तर आपल्या शेडमध्ये वीस लिटर पडलंय. कापूस लावलेली काडी घेतली आणि सुरू झाले. आधी वॉरिकचं नाक. मग माझे हात. मग शेजारची ब्रॉन आणि तिचा नवरा. मग गुरं गोळा करायला येणारी माणसं. 'रेलीनचा दवाखाना' म्हणायचे. रविवारी जेवायला यायचे आणि जाताना कान पुढे करायचे. मला आवडायचं ते. उगाच नाही कशाला म्हणू?

पण त्या खपल्या गुलाबी असतात, हाताला खरखरीत लागतात. हा काळा होता. फरक मला दिसला नाही असं नाही. मला वाटलं काळं आहे, तर जास्त वेळ धरावं. डोक्यात घोडा होता. थंडीने काळं मरतं, एवढंच मला ठाऊक.

त्या दिवशी मी त्याचं नाक करत होते. तोच म्हणाला, "पाठीवर एक आहे, तेही उरकून टाक." मी तीस मोजले. थांबले. परत तीस. तो कोंडवाड्याच्या कठड्याला धरून उभा होता. म्हणाला, "घोड्याला बारा, मला साठ?" मी म्हटलं, "घोडा ऐकतो तरी."

फोड आला, खपली धरली, पडली. खाली पांढरं गुळगुळीत वर्तुळ. तिळाचं नाव नाही. मी त्याचा शर्ट वर करून ब्रॉनला दाखवला होता. हसत.

१३ मे, सोमवार

गावात गेलो. डॉक्टरने गाठ चाचपली. त्याचं तोंड बदललं. मग विचारलं, "पाठीवर कधी काही होतं? काही जाळलं, कापलं?"

मी तोंड उघडायच्या आत वॉरिक म्हणाला, "काटेरी तार लागली होती. गेल्या वर्षी."

"तीळ वगैरे?"

"नाही."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याची पाठ बायकोला माहीत असते, असं त्याला वाटत असणार. मी मान हलवली. तार.

परत येताना शंभर किलोमीटर मागे पडले. मग मी म्हटलं, "खोटं का बोललास?"

"तुला काय तिथे उभं करायचं होतं? आता गप."

मला वाचवतोय. हे मला सहन होत नाही.

२२ मे

फोन आला. मेलानोमा, काळ्या तिळाचा कॅन्सर. गाठीतून सुईने काढलं होतं, त्यात तेच आहे. किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं.

ब्रॉनला फोन करून सांगितलं की कोंबड्यांना दाणे टाक. बाकी सांगितलं नाही.

२९ मे, बुधवार

काल कापलं. काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या, आणि पाठीवरचा तो पांढरा वण हाताच्या पंजाएवढ्या कातडीसकट काढला. मी बाहेर बसले होते. तिथल्या बाईने तीनदा विचारलं, कॉफी हवी का. तिसऱ्यांदा मी खेकसले. मग माफी मागितली. मग घेतली.

वॉरिक शुद्धीवर आला तेव्हा पहिलं विचारलं, "पंप बंद केला होतास का?"

५ जून, बुधवार

आज डॉ. पेरेरा भेटल्या. कापलेलं मांस तपासणाऱ्या त्या. आमच्या लेकीएवढ्याच, टेगनएवढ्याच असतील. तपासणारे डॉक्टर पेशंटला भेटत नाहीत म्हणे. पण वॉरिकने वॉर्डातल्या डॉक्टरला छळलं – माझी कातडी, मला बघायची. म्हणून त्या वर आल्या, हातात लॅपटॉप घेऊन.

पडद्यावर गुलाबी-जांभळं काहीतरी. मला गालिच्यासारखं दिसलं.

त्या म्हणाल्या, "सगळे काळ्याकडे बघतात. मी आधी त्याचा शेजार बघते."

मग समजावलं. मला समजलं तसं लिहिते. रंग करणारी पेशी कातडीच्या तळाशी एकटी बसलेली असते आणि आजूबाजूच्या साध्या पेशी तिला धरून ठेवतात. अक्षरशः धरतात, हात धरल्यासारखं. ती बिघडली की पहिल्यांदा हे हात सुटतात. मग ती खाली सरकते. खाली धागे विणणाऱ्या पेशी असतात, राखण करणाऱ्या असतात, रक्ताच्या बारीक नळ्या असतात. चांगल्या शेजारात त्या तिला अडवतात. कधी तर राखण करणाऱ्या पेशी इतक्या तुटून पडतात की काळं पुसून टाकतात आणि जागेवर नुसता वण उरतो.

"हा बघा." त्यांनी बोट ठेवलं. फिकट पट्टा. पाण्यासारखा. "इथे वरचा भाग गेलाय. तारेने एवढा पट्टा होत नाही, तार रेघ ओढते. हे मला तुमच्या शरीराचंच काम वाटतंय. तुमच्या शरीराने हे ओळखलं होतं, लढलं होतं. आता जे औषध सलाईनमधून देणार आहोत ते याच राखणदारांना उठवतं. जे एकदा लढलेत ते परत उठतील, अशी आशा धरायला जागा आहे."

पलंगाशी बसलेली टेगन रडायला लागली. आनंदाने. वॉरिकच्या हाताला धरून म्हणाली, "बाबा, तुझं शरीर लढलंय!"

वॉरिकने माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे.

तो पट्टा शरीराने नाही केला. मी केला. तीस आणि तीस.

६ जून

परतताना वाटेत त्याने मांस भरलेल्या दोन पेस्ट्र्या खाल्ल्या. चार आठवड्यांत असं खाल्लं नव्हतं. टोमॅटोचा सॉस शर्टावर सांडला. टेगन मागे बसून फोनवर सगळ्यांना सांगत होती – लढणारं शरीर आहे म्हणतात डॉक्टर.

मी गाडी चालवली. आता बोलायचं तर कुणाच्या तोंडातला घास काढायचा?

१९ जून

पहिली सलाईन. त्रास झाला नाही. दर तीन आठवड्यांनी. जायला आठ तास, यायला आठ.

३० जून

आज मी विषय काढला. तो घोड्याचा नाल काढत होता, वाकून, टाके ओढले जातील असं. मी म्हटलं, "त्या डॉक्टर पोरीला सांगायला हवं. ती चुकीचं वाचतेय."

"मग काय बदलेल? सलाईन तीच."

"ती म्हणाली तुझं शरीर लढलं."

"मग म्हणू दे ना. टेगनला बघितलंस? तिला जेवण जातंय."

"आणि मला?"

त्याने पाय सोडला, घोडा बाजूला झाला. "रेलीन, मीच उरकून टाक म्हणालो नव्हतो का? मीच पाठ दिली होती ना? मग झालं."

असं म्हणतो. मोठं मन आहे त्याचं, असं सगळे म्हणतात. मला ते मन आज दगडासारखं वाटलं. फोडता येईना.

१४ जुलै, रविवार

ब्रॉन आणि तिचा नवरा केव्ह जेवायला आले. खारवलेलं मांस, बटाटे, पांढरा रस्सा. वॉरिक टेबलाशी बसला, हसला, थोडं खाल्लं.

निघताना केव्हने कान पुढे केला. "डॉक्टरीण, हा परत आलाय बघ."

मी म्हटलं, "गावात जा."

"अगं, दोन मिनिटांचं काम. कापूस आण."

"मी नाही करणार. गावात जा, आणि डॉक्टरला सांग की हे रेलीनने दोनदा जाळलंय. नाव घेऊन सांग."

ब्रॉन माझ्याकडे बघतच राहिली. तिने मग भांडी पुसायच्या निमित्ताने मला आत नेलं. "काय झालंय तुला? वॉरिकच्या आजाराशी याचा काही संबंध आहे का?" आणि मग ती थांबली. फडकं हातातच. तिला शर्ट वर केलेला आठवला असणार. मला दिसलं तिला आठवताना.

"रेलीन," ती म्हणाली, "तो तीळ होता?"

मी म्हटलं, "हो."

तिने ताट ठेवलं. दुसरं घेतलं, पुसलं, ठेवलं. मग म्हणाली, "माझ्या पायावरचाही काळा होता. तू म्हणालीस छान गेला."

"म्हणून सांगतेय. उद्याच जा."

"तू म्हणालीस छान गेला," ती परत म्हणाली. तोडून नाही. नुसतं म्हणाली. तेच लागलं.

१५ जुलै

यादी केली. आठवून आठवून. अकरा माणसं. त्यातली दोन आता कुठे असतात माहीत नाही. टेगन धरून बारा – ती अठराची असताना खांद्यावर. तपकिरी होता, की काळा? आठवत नाही. आठवत नाही!

आज चौघांना फोन केले. टेगनला केला नाही. भेकड.

२ ऑगस्ट

ब्रॉनच्या पायावरचं काही नाही. साधा वण आहे. तिने स्वतः फोन केला. "काही नाही निघालं," म्हणाली. मग पावसाचं विचारलं तिने. नाही म्हटलं.

२० ऑगस्ट

वॉरिक बारीक झालाय. पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलं. आता घोड्यावर बसत नाही, गाडीतून कुंपण बघतो. टेगन शिकवते त्या शाळेला सुट्टी लागली की ती येणार आहे. तिला म्हणाला, "लढतंय शरीर, म्हणून थकतं." तिच्यासाठी म्हणाला. माझ्याकडे न बघता.

११ सप्टेंबर, बुधवार

स्कॅन. यकृतात आहे. हाडांत आहे. सलाईनने काही झालेलं नाही.

वॉर्डातला डॉक्टर कागदाकडे बघून म्हणाला, "आम्हाला वेगळी अपेक्षा होती."

टेगन म्हणाली, "पण त्याचं शरीर लढलं होतं ना? त्या डॉक्टर म्हणाल्या होत्या."

मी उठले. बाहेर गेले, खाली गेले, तळमजल्यावर, जिथे पेशंट जात नाहीत. दारावर घंटी होती. दाबली. डॉ. पेरेरा हातमोजे काढत आल्या.

मी म्हटलं, "तार नव्हती. मी जाळलं होतं ते. नायट्रोजनने. साठ सेकंद, तीस-तीस करून. काळा तीळ होता."

त्यांनी हातमोजे कचऱ्यात टाकले. मला वाटलं आता हाकलतील. मग म्हणाल्या, "केव्हा?"

"गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये. सतरा तारीख. शनिवार होता – नाही, शुक्रवार."

"आत या."

त्यांनी त्या कातडीचा काप लावलेली काच परत काढली. दोन जणांना एकदम बघता येतं असं यंत्र आहे, एका बाजूला त्या, एका बाजूला मी. चष्मा काढा म्हणाल्या.

"हा पट्टा. मी याला लढाईची खूण म्हणाले. आता तुम्ही सांगितल्यावर बघते. लढाई झाली असती तर इथे राखणदार पेशी दिसायला हव्या होत्या, पट्ट्याच्या आत. थोड्या आहेत, पण कडेला. मी त्यांना मागे राहिलेल्या समजले." त्या थांबल्या. "मला हे मोठ्याने म्हणायला नको होतं. तुमच्या मिस्टरांसमोर तर नकोच होतं."

"तुम्हाला खोटं सांगितलं होतं."

"तरीही."

मग त्यांनी काच सरकवली आणि पट्ट्याखालचं दाखवलं. मी लिहिते, कारण दुसरं कुणी मला विचारणार नाही आणि मला विसरायचं नाही.

वरचं सगळं मेलं होतं. खाली मूठभर जिवंत राहिलं. वर पांढरं कातडं आलं आणि झाकण बसलं. त्याखाली तेरा-चौदा महिने. धागे विणणाऱ्या पेशी जखम भरायला आल्या होत्या – माझी जखम – आणि त्या धाग्यांची जाळी असायला हवी, तर ते एका दिशेने पडले होते, सरळ. त्यांच्या बाजूने काळ्या पेशी रांगेने खाली चाललेल्या.

"गुरं पाण्याला जाऊन जाऊन वाट पडते तशी," मी म्हटलं.

"तशीच. फक्त ही वाट शेजाऱ्यांनी करून दिली."

बारीक नळ्या तिकडे वळलेल्या, रक्त पोचवायला. आणि राखणदार. मी विचारलं, हे इतके आहेत, मग हे काय करतायत? त्या म्हणाल्या, "काही दमलेत. रोज ओरडून ओरडून. आणि हे मोठे दिसतात ना, तपकिरी ठिपके पोटात असलेले? यांनी सुरुवातीला मेलेला कचरा उचलला. मग गाठीने यांना बदललं. आता हे तिला पोसतात."

माझ्या बापाकडे एक कुत्रा होता. मेंढरं राखायला ठेवलेला. एका उन्हाळ्यात रानकुत्र्यांबरोबर फिरताना सापडला. बापाने त्याला गोळी घातली आणि दोन दिवस जेवला नाही. मी डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो. औषध त्याच कुत्र्याला परत आणायचा प्रयत्न करतं. कधी येतो. कधी नाही."

मग मी विचारलं. त्याचसाठी गेले होते. "मी हात लावला नसता तर?"

"तीळ तेव्हा किती खोल होता, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. वरचा भाग राहिला नाही."

"तुमचा अंदाज."

त्यांनी डोळे यंत्रावरून काढले. "तुम्ही सांगताय तो आकार, तो महिना – त्या आठवड्यात कुणी कापला असता, तर बहुतेक वाचले असते. बहुतेक. खात्रीने नाही."

खोटं नाही बोलल्या. मला बरं वाटलं, आणि मग वाटलं की आता इथेच बसून राहावं, या खुर्चीवर, दिवा चालू ठेवून.

"तुम्ही जाळल्यामुळे ते झालं नाही," त्या म्हणाल्या. "ते आधीच होतं. तुम्ही ते झाकलंत."

मी म्हटलं, "गुरांच्या माणसाला यातला फरक सांगू नका. रोगट गाय नुसती लपवली तरी कळप जातो."

१२ सप्टेंबर

टेगनला सांगितलं. मोटेलच्या पार्किंगमध्ये, वॉरिक आत झोपलेला. सगळं सांगितलं, एका दमात. शिक्का, कापूस, साठ.

ती म्हणाली, "आणि तीन महिने मी सगळ्यांना सांगत फिरले."

"हो."

"तू ऐकत होतीस."

"हो."

तिने खांद्याला हात लावला. तिच्याच, ब्लाउजवरून. मी विचारणारच होते. ती म्हणाली, "नको. आत्ता नको बोलूस माझ्याशी." गाडीत जाऊन बसली. काचा वर केल्या. आत एसीही लावला नाही. चाळीस मिनिटं.

१४ सप्टेंबर, शनिवार

घरी. सलाईन बंद केली, वॉरिकनेच सांगितलं. कोंडवाडा दिसेल असा पलंग व्हरांड्यात लावला.

त्याला म्हटलं, मी सांगून आले. त्याने पांघरूण वर ओढलं. मग म्हणाला, "त्या पोरीला वाईट वाटलं का?"

"कुठल्या?"

"दोघींना."

२१ सप्टेंबर

टेगनचा खांदा तपासला. काही नाही. मेसेज आला: 'clear' एवढाच. खाली काही नाही. मी दहा वेळा वाचला.

२९ सप्टेंबर, रविवार

टेगन आली. माझ्याशी कामापुरतं बोलते. चादर, गोळ्या, पाणी. पण आज दुपारी बापाची पाठ पुसताना मला हाक मारली, धर म्हणाली. दोघींनी मिळून वळवलं. वण होता तिथे आता मांडीच्या कातडीचं ठिगळ आहे, जांभळट. तिने त्याच्या कडेने हात फिरवला. तिथे, अगदी शेजारी, कातडीखाली तीन नवे काळे मणी. तिलाही लागले. तिने माझ्याकडे पाहिलं. सहा महिन्यांपूर्वीची टेगन असती तर किंचाळली असती.

"बाबा, गार लागतंय का पाणी?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "चांगलं आहे."

८ ऑक्टोबर

यादीतला शेवटचा माणूस सापडला. तिकडे उत्तरेला कुठे ट्रक चालवतो. म्हणाला, "बाई, तुम्ही जाळलेला डाग? तो कधीच गेला." मी त्याला वीस मिनिटं छळलं. जातो म्हणाला. जाणार नाही.

नायट्रोजनवाला महिन्याचा भरणा करायला आला होता. टाकी घेऊन जा म्हटलं. कांड्यांचं काय विचारलं. ब्रॉनच्या टाकीत ठेव म्हटलं, आणि तिच्या नवऱ्याला कापूस दिसू देऊ नकोस.

१७ ऑक्टोबर

जेवत नाही. बर्फाचे तुकडे चोखतो. मधेच गुरांची नावं घेतो, तीस वर्षांपूर्वीच्या गाईंची.

१९ ऑक्टोबर

टेगनने आज माझे केस विंचरले. न विचारता. मी व्हरांड्यात बसले होते, मागून आली आणि सुरू झाली.  मी हलले नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

सकाळी शुद्ध चांगली होती. टेगन कोंबड्यांकडे गेलेली. मला जवळ बस म्हणाला.

म्हणाला, गेल्या वर्षी तू तीळ जाळलास त्याच्या आधी, फेब्रुवारीत, वळूंच्या लिलावाला गेलो होतो ना, तिथे कातडी तपासणारी व्हॅन उभी होती, फुकट होतं म्हणून शर्ट काढला. आतल्या डॉक्टरने तिळाभोवती पेनाने गोल काढला. म्हणाला, आठवड्यात काप, उशीर करू नकोस. चिठ्ठी दिली. "मी चिठ्ठी वाटेत टाकली. पेट्रोल पंपावरच्या नळावर तो गोल घासून काढला, तुला दिसू नये म्हणून. मला कापायची भीती वाटली, रेलीन. वाटलं, तू हात लावलास की ते नेहमीसारखंच काहीतरी होईल. नाकासारखं." मग म्हणाला, "तुला हे या वीस महिन्यांत सांगायला हवं होतं. जमलं नाही."

मी म्हटलं, मला माहीत होतं.

मला माहीत नव्हतं.

"होतं?" तो म्हणाला, आणि त्याला झोप लागली.